दुखत नाही ना, मग राहू दे

‘तसं दुखत काही नाही हो सिस्टर.’ यूरॉलॉजीच्या, म्हणजे मूत्रविकारांच्या, ओपीडीत नर्स म्हणून हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय, की पेशंट खुर्चीत टेकतो तेव्हाच ते मला ऐकू येतं. त्याचा खरा अर्थ असतो: मी आलेलो नाही, मला आणलंय. आणणारी व्यक्ती शेजारी असते, बहुतेक वेळा बायको, कधी मुलगी. बोलत तीच असते. रात्रीतून किती वेळा उठतात, बाथरूममध्ये किती वेळ लागतो, लांबच्या प्रवासाचं नाव काढलं की कशी टाळाटाळ करतात, सगळं तिला पाठ. गृहस्थ भिंतीवरच्या चार्टकडे बघत बसतात. आणि मग कागद आवरून निघताना, अगदी दाराशी, हळूच सांगतात, ‘मध्ये एकदा लघवी लाल झाली होती. एकदाच. दुखलं नव्हतं, म्हणून म्हटलं राहू दे.’

ताकाला जाऊन भांडं लपवायचं ते किती!

माझं मत सरळ आहे आणि ते बऱ्याच पुरुषांना पटत नाही, हेही मला ठाऊक आहे. लघवीच्या वाटेचे आणि जननेंद्रियांचे आजार दुखण्याच्या मापाने मोजायचे नाहीत. या भागात जे जिवावर बेतू शकतं ते बऱ्याचदा गुपचूप वाढतं, आणि जे माणसाला लोळवतं त्यातलं बरंचसं निस्तरता येतं. दुखणं अंगावर काढण्याचा पुरुषांना अभिमान असतो, असू दे. पण जे दुखतच नाही ते अंगावर काढण्यात कसला आलाय पराक्रम?

आधी लघवीतल्या रक्ताचंच घेऊ. मुतखडा असेल तर रक्ताबरोबर कळ येते. ती काय चीज असते ते भोगलेल्यालाच विचारा. कुशीतून निघते, जांघेत उतरते, माणसाला बसवत नाही, पडवत नाही, उलट्या करत येरझाऱ्या घालायला लावते. पण खडा पाच मिलिमीटरपर्यंतचा असेल तर बहुतेक वेळा तो आपला आपण पडतो. वेदना थांबवायची आणि लक्ष ठेवून वाट बघायची, एवढ्यावर भागतं. (खड्यासोबत थंडी वाजून ताप आला तर मात्र घरी थांबायचं नाही, रात्र असो की दिवस. अडलेल्या किडनीत जंतुसंसर्ग झाला तर प्रकरण हाताबाहेर जायला वेळ लागत नाही.) याउलट एक खडा असा असतो की तो फांद्या फुटल्यासारखा वाढत किडनीचे कप्पेच्या कप्पे भरून टाकतो, आणि माणसाला कधी जाणवतही नाही. दुसऱ्याच कशासाठी तरी सोनोग्राफी होते आणि तेव्हा कळतं की ती किडनी जवळजवळ गेली आहे. लोळवणारा खडा बाहेर पडला, न दुखणाऱ्याने किडनी खाल्ली.

आता रक्त आलंय आणि काहीच दुखत नाही, अशी लघवी. चाळिशी ओलांडलेल्या माणसात, त्यातही सिगारेट-बिडी ओढणाऱ्यात, याचं कारण सापडेपर्यंत मूत्राशयाच्या कर्करोगाची शंका धरूनच तपास करतात. याचा अर्थ कर्करोग असतोच असा नाही. संसर्ग असू शकतो, प्रोस्टेट ग्रंथीच्या फुगलेल्या शिरा असू शकतात. पण तपास टाळायचा नाही. कर्करोगाच्या गाठीची खोड अशी, की ती एकदा रक्त टाकते आणि मग कित्येक आठवडे गप्प बसते. मधल्या काळात लघवी स्वच्छ, माणूस खूश. कोणीतरी अँटिबायोटिकचा कोर्स दिलेला असतो, रक्त आपोआप थांबतं आणि श्रेय गोळ्यांना जातं. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर ‘त्यामुळेच आलं असणार’ म्हणून सोडून देतात. तेही चूक. गोळ्यांनी रक्त लवकर दिसतं इतकंच, ते कुठून येतंय ते बघावंच लागतं.

तंबाखूचा धूर छातीत जातो, मग कर्करोग मूत्राशयाला कसा, असं पेशंट विचारतात. धुरातली रसायनं रक्तात जातात, किडनी ती गाळून लघवीत टाकते आणि ती लघवी तासन् तास मूत्राशयाच्या अस्तराला लागून साठून राहते. मूत्राशयाच्या कर्करोगातल्या जवळपास निम्म्या रुग्णांमागे धूम्रपान असतं, आणि पुरुषांत तो स्त्रियांच्या तीन-चार पट आढळतो. रसायनांशी त्याचं नातं फार जुनं आहे. १८९५ मध्ये लुडविग रेन या जर्मन सर्जनने रंगांच्या कारखान्यातल्या कामगारांमध्ये ही गाठ दिसते हे मांडलं होतं. दिलाशाची गोष्ट अशी, की चारपैकी तीन जणांत निदानाच्या वेळी ती अस्तरातच असते, स्नायूत घुसलेली नसते, आणि लघवीच्याच वाटेने दुर्बीण घालून काढता येते. ती पुन्हा पुन्हा उगवते म्हणून ठरावीक मुदतीने दुर्बीण घालून बघत राहावं लागतं. या दुर्बिणीची लोक विनाकारण धास्ती घेतात. बधिर करणारी जेली, बारीक लवचिक नळी, काही मिनिटं. टेबलावर झोपलेल्या माणसाचे पाय थरथरत असतात, आणि झाल्यावर तोच विचारतो, ‘झालं? एवढंच?’

प्रोस्टेटवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण गैरसमजांचं सगळ्यात मोठं आगर तेच आहे.

मूत्राशयाच्या तोंडाशी अक्रोडाएवढी ग्रंथी, तिच्या मधून लघवीची नळी जाते. वय वाढतं तशी ही ग्रंथी वाढते. साठीच्या आसपास निम्म्या पुरुषांत ही वाढ असते, ऐंशीनंतर तर बहुतेकांत. साधी वाढ होते ती नळीला लागून असलेल्या आतल्या भागात, म्हणून धार बारीक होते, थांबून थांबून येते, सुरू व्हायला वेळ लागतो. कर्करोग मात्र बहुतांशी बाहेरच्या कडेच्या भागात उगवतो, नळीपासून दूर. म्हणजे सुरुवातीचा कर्करोग लघवीला काहीही त्रास देत नाही. आणि ज्या त्रासाने माणूस घाबरून येतो, त्यामागे बहुतेक वेळा कर्करोग नसतोच. साध्या वाढीचा पुढे कर्करोग होतो, हेही खरं नाही. एवढी एक गोष्ट लोकांच्या गळी उतरवायला माझा निम्मा दिवस जातो.

साध्या वाढीतही आकाराचं आणि त्रासाचं गणित जुळत नाही. सोनोग्राफीत ‘प्रोस्टेट ८० ग्रॅम’ वाचून घाम फुटलेले काका मजेत लघवी करत असतात, आणि ३० ग्रॅमवाल्याची नळी पार आवळलेली असते. म्हणून आम्ही सात प्रश्नांचा एक कागद भरून घेतो, शून्य ते पस्तीस गुण. त्याखाली एक वेगळा प्रश्न असतो: लघवीची आता जी स्थिती आहे तीच आयुष्यभर राहिली तर तुम्हाला कसं वाटेल? मला हा प्रश्न सगळ्यात आवडतो. पहिले सात भराभर भरणारे पुरुष इथे पेन थांबवतात. मग यंत्रावर धार मोजायची. फनेलमध्ये लघवी करायची, खाली आलेख निघतो. सेकंदाला पंधरा मिलिलीटरच्या वर शिखर गेलं तर बहुधा ठीक, दहाच्या खाली राहिलं तर कुठेतरी अडतंय किंवा मूत्राशयाचा जोर कमी पडतोय. पडद्यामागे उभं राहून बाहेर माणसं असताना धार सुरू होत नाही, ही तक्रार सगळ्यांचीच. नळ थोडा सोडून ठेवायचा, हा आमचा जुना तोडगा.

लघवी एकदम तुंबते तेव्हा माणूस तळमळतो आणि धावत येतो. पुष्कळदा त्याआधी सर्दीची गोळी घेतलेली असते. नाक मोकळं करणाऱ्या काही औषधांनी मूत्राशयाचं तोंड आवळतं, सर्दीच्या काही गोळ्यांनी मूत्राशयाचा जोर जातो. आधीच जेमतेम चाललेल्या वाटेला तेवढं पुरतं. नळी घातली की दोन मिनिटांत चेहरा बदलतो. असे आशीर्वाद मिळतात की काय सांगू.

मला काळजी वाटते ती दुसऱ्याची, ज्याची लघवी हळूहळू, महिनोन् महिने तुंबत गेलेली असते. याला दुखत नाही. मूत्राशय ताणत जातो आणि तक्रार करायचंच सोडून देतो. लघवी होतच असते, उलट सारखीच होते, थोडी थोडी. भरलेल्या पिशवीतून वरचेवर सांडणारी लघवी असते ती. रात्री झोपेत अंथरूण ओलं व्हायला लागतं. घरचे म्हणतात, वय झालं, डायपर लावा. उतारवयातल्या पुरुषाने नव्याने अंथरूण ओलं करायला लागणं हे वयाचं लक्षण धरूच नका. पोटावर हात ठेवला तर बेंबीपर्यंत मूत्राशय लागतो. नळी घातली की लिटरभराहून जास्त लघवी निघते, आणि रक्ताच्या रिपोर्टात क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) वाढलेलं असतं, कारण मागचा दाब किडनीपर्यंत पोचलेला असतो. आणि माणूस शपथेवर सांगत असतो, ‘सिस्टर, लघवीचा त्रास नाही, चांगली दहा-बारा वेळा होते.’

गोळ्यांबद्दल एकच गोष्ट. लघवीची वाट मोकळी करणारी टॅमसुलोसिनसारखी गोळी चालू असेल किंवा पूर्वी घेतली असेल तर मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा. या गोळीने बुबुळाचा पडदा सैल पडतो आणि ऑपरेशन अवघड होतं. लघवीची गोळी डोळ्याच्या डॉक्टरला कशाला सांगायची म्हणून कोणी सांगत नाही.

आता इतका वेळ ‘न दुखणाऱ्याला घाबरा’ म्हटल्यावर उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर उद्या सगळे पीएसए ही रक्तचाचणी करून घ्यायला धावतील. हा रक्तातला आकडा प्रोस्टेटचा आहे, कर्करोगाचा नाही. साध्या वाढीने तो वाढतो, संसर्गाने वाढतो, लघवी तुंबल्याने वाढतो, वीर्यपतनानंतर एक-दोन दिवस वर राहू शकतो. अमेरिकेत १९८६ मध्ये या चाचणीला मान्यता मिळाली ती आधीच निदान झालेल्या रुग्णांवर लक्ष ठेवायला. निदानाला मदत म्हणून वापरायची परवानगी १९९४ ची. प्रोस्टेटमधल्या प्रतिजनावर, म्हणजे एका प्रथिनावर, १९७० मध्ये शोधनिबंध लिहिणारे रिचर्ड अॅब्लिन हेच पुढे या चाचणीच्या सरसकट वापराविरुद्ध जाहीरपणे बोलत राहिले. ब्रिटनमध्ये लवकर सापडलेल्या प्रोस्टेट कर्करोगाच्या १६४३ पुरुषांचे तीन गट केले: शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि नुसतं लक्ष ठेवणं. पंधरा वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. प्रोस्टेटच्या कर्करोगाने गेलेले तिन्ही गटांत मिळून साधारण तीन टक्के, आणि गटागटांत म्हणण्यासारखा फरक नाही. लक्ष ठेवलेल्या गटात रोग इतरत्र पसरण्याचं प्रमाण मात्र जास्त होतं, सुमारे नऊ टक्के, इतर दोघांत पाचच्या आसपास. म्हणजे ‘काही करायचंच नाही’ असाही अर्थ काढू नका.

मला राग येतो तो एकाच गोष्टीचा. तपासण्यांच्या पॅकेजमध्ये हा आकडा न विचारता घुसडलेला असतो. रिपोर्ट मोबाईलवर येतो, आकड्यापुढे लाल बाण असतो, आणि माणसाची झोप जाते. आधी बोलावं, मग रक्त काढावं. वडिलांना किंवा भावाला हा कर्करोग झाला असेल तर ते बोलणं पंचेचाळिशीतच करावं, कारण त्यांचा धोका साधारण दुप्पट असतो. आणि प्रोस्टेट आकसवणारी फिनास्टेराइड घेणाऱ्यांनी ते आधी सांगावं. ही गोळी काही महिन्यांत पीएसए जवळपास निम्मा करते, त्यामुळे रिपोर्टातला ‘नॉर्मल’ आकडा फसवा असतो. केस गळतात म्हणून हेच औषध कमी मात्रेत घेणारे तरुण ते औषधांत धरतच नाहीत.

तरुणांकडे वळते. पंधरा ते पस्तीस या वयात पुरुषांना होणाऱ्या कर्करोगांत वृषणाचा कर्करोग वरच्या क्रमांकावर आहे, आणि तो सुरू होतो एका न दुखणाऱ्या, टणक गाठीने. आंघोळ करताना हाताला लागते. मुलगा ती कोणालाच सांगत नाही. आणि हा कर्करोग शंभरातल्या पंच्याण्णवांहून अधिक जणांत बरा होतो, म्हणून तर जीव जास्त तुटतो. १९७४ मध्ये लॉरेन्स आइनहॉर्न यांनी इंडियाना विद्यापीठात सिसप्लॅटिन हे केमोथेरपीचं औषध इतर औषधांबरोबर वापरायला सुरुवात केली आणि पसरलेल्या रोगाचंही चित्र पालटलं. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगचं निदान १९९६ मध्ये झालं तेव्हा रोग फुप्फुसांत आणि मेंदूत पोचला होता, तरी तो बरा झाला. (पुढे डोपिंगपायी त्याची जेतेपदं गेली, ती कथा वेगळी.) केमोथेरपीआधी वीर्य गोठवून ठेवता येतं, हेही विचारून घ्या.

हायड्रोसील याच्या अगदी उलट. सूज मोठी, डोळ्यांत भरणारी, पँट बसत नाही, माणूस लाजेने अर्धा होतो, आणि असतं ते वृषणाभोवती साठलेलं पाणी. खोलीतला दिवा बंद करून मागून टॉर्च लावला की ती सूज लालसर उजळते. तरुण माणसात तरीही सोनोग्राफी करतातच, पाण्याआड गाठ लपलेली नाही ना हे बघायला.

या सगळ्यात एक आजार असा आहे की तो दुखतो, भयंकर दुखतो, आणि तरीही वेळ जातो. वृषणाला पीळ पडणं. बहुतेक वेळा बारा ते अठरा वयाचा मुलगा, पहाटे झोपेतून कळवळून उठतो. वृषण ज्या दोरीला लटकलेलं असतं तिला पीळ बसतो आणि रक्तपुरवठा तुटतो. सहा तासांच्या आत पीळ सोडवला तर वृषण बहुधा वाचतं. दिवस उलटला तर क्वचितच. आणि मुलगा आईला सांगतो काय, तर ‘पोट दुखतंय.’ कारण खरोखर पोटातही कळ येते, उलटी होते, आणि जागा सांगायची लाज वाटते. मग पोटदुखीची गोळी, ओवा, शेकणं, सकाळी बघू. सकाळी कधी कधी दुखणं कमी झालेलं असतं आणि घरच्यांना हायसं वाटतं. ते कमी झालेलं असतं वृषण मेल्यामुळे. मुलाला पोटात दुखतंय आणि उलटी होतेय तर खाली दुखतंय का, सुजलंय का, हे बापाने किंवा आईने न लाजता विचारावं आणि थेट जिथे ऑपरेशन होतं तिथे न्यावं. ऑपरेशनमध्ये दुसऱ्या बाजूचं वृषणही टाके घालून बसवतात, कारण ठेवणीतला दोष बहुधा दोन्हीकडे असतो.

ताठरतेच्या तक्रारीलाही दुखणं नसतं, तिथे नुसता अपमान असतो. लिंगाच्या रक्तवाहिन्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या. चरबीचा थर साठतो तेव्हा बारीक नळी आधी तक्रार करते, हृदय दोन-पाच वर्षांनी करू शकतं. म्हणून पन्नाशीच्या आत हळूहळू सुरू झालेली ही तक्रार घेऊन कोणी आलं तर डॉक्टर साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल तपासायला लावतात. पेशंटला ते विषयांतर वाटतं, त्याला गोळी हवी असते. ती गोळी, सिल्डेनाफिल, मुळात छातीच्या दुखण्यासाठी तपासली जात होती. १९९८ मध्ये ती बाजारात आली, आणि त्याच वर्षी तिच्यामागच्या नायट्रिक ऑक्साइडच्या संशोधनाला नोबेलही मिळालं. छातीत दुखतं म्हणून जिभेखाली नायट्रेटची गोळी ठेवणाऱ्याने सिल्डेनाफिल घेतली तर रक्तदाब जीवघेणा खाली जाऊ शकतो. कोणालाही न सांगता परस्पर घेणाऱ्यांना हे कोण सांगणार?

जिममधल्या टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांबद्दल स्वतंत्र पोस्ट लिहीन. तूर्त इतकंच, की बाहेरून हार्मोन आलं की मेंदू वृषणाला काम थांबवायला सांगतो, आणि शुक्राणूंची संख्या शून्यावरही जाते. इंजेक्शनं बंद केल्यावर ती परत यायला महिने लागतात.

दाखवायला येताना तीन दिवसांची लघवीची वही लिहून आणा. मापाचं प्लास्टिकचं भांडं बाथरूममध्येच ठेवायचं आणि प्रत्येक वेळी किती वाजता, किती मिलिलीटर, आधी काय प्यायलात, हे लिहायचं. चोवीस तासांतली एक तृतीयांशाहून जास्त लघवी रात्री होत असेल तर दोष प्रोस्टेटचा नसूही शकतो. पायांवरची सूज, हृदय, झोपेत श्वास अडकणं, संध्याकाळी घेतलेली लघवी वाढवणारी गोळी, यांपैकी कशाचाही असेल. झोपायला किती वाजता गेलात तेही लिहा. आणि सकाळी उठल्याबरोबरची पहिली लघवी रात्रीच्या खात्यात धरायची. बहुतेक सगळे ती दिवसात धरून आणतात, आणि मग मला ओपीडीत बसून बेरजा दुरुस्त कराव्या लागतात.